बिलावर नाव तुझं असणार आहे

काल संध्याकाळी तू विचारलंस, "ताई, घाऊक भावात इंटरनेट फोन सगळ्यांत स्वस्त कोण देतं गं?" तेव्हा माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून 'उद्या बोलू' म्हणत मी फोन ठेवला. रात्री मात्र झोप लागेना. अकरा वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी दहा जणांना विचारला होता, मिळालं ते उत्तर ऐकून सही केली होती, आणि पुढची चार वर्षं ती निस्तरत होते. म्हणून आज ऑफिस उघडायच्या आधी चहाचा कप घेऊन तुझ्यासाठी बसले आहे. सावकाश वाच, आणि तुझ्या ह्यांनाही वाचायला दे.

तुम्ही दोघांनी आयोवातली ती लहानशी वायरलेस इंटरनेट कंपनी घेतलीत, त्याचा मला फार अभिमान वाटतो. धान्याच्या उंच कोठारांवर रेडिओ बसवायचे, मैलोन्‌मैल मक्याच्या शेतांपलीकडच्या घरांत इंटरनेट पोचवायचं, बर्फाच्या वादळानंतर फिरलेल्या अँटेना पुन्हा सरळ करायच्या. मोठ्या कंपन्यांना जिथे जावंसं वाटलं नाही तिथे तुम्ही गेलात. आता गिऱ्हाईकच विचारायला लागलंय, "फोनपण द्याल का?" आमच्याकडे कॅन्ससमध्येही असंच सुरू झालं होतं. तांब्याच्या तारेवरच्या फोनचे दिवस भरत आलेत. एटी अँड टीने कॅलिफोर्निया सोडून बाकी बहुतेक ठिकाणची तांब्याची सेवा २०२९ अखेरपर्यंत बंद करणार असं जाहीरच केलं आहे. तेव्हा तू योग्य वेळी विचार करते आहेस. ज्या घरात इंटरनेट आणि फोन दोन्ही आपले, ते गिऱ्हाईक पाच-दहा डॉलरसाठी दुसरीकडे जात नाही, हे मी माझ्या वहीवरून सांगते.

पण 'स्वस्त कोण' हा प्रश्न शेवटचा ठेव. मिनिटामागे अर्धा पैसा कमी-जास्त झाला म्हणून कुणाचा धंदा बुडालेला मी पाहिला नाही. ज्याच्याकडून आपण नंबर आणि मिनिटं घेतो त्या घाऊक कंपनीचं नावही आपल्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं. बिलावर नाव तुझं, गाडीवर नाव तुझं, आणि फोन लागला नाही तर दुकानात भेटल्यावर ते तुलाच विचारणार. तू भागीदार शोधते आहेस म्हणजे आपलं नाव कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवते आहेस. बाकीचं सगळं मी त्याच नजरेनं सांगणार आहे.

सुरुवात स्वतःच्या घरापासून कर. भागीदार कितीही चांगला असला तरी आवाज शेवटी तुझ्याच टॉवरवरून जाणार. आवाजाला जागा फार लागत नाही. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ किलोबिट पुरतात. तेवढं तर तुझ्या सगळ्यांत जुन्या रेडिओवरही असेल. खरी अडचण वेळेची आहे. बोलणं वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातं, सेकंदाला ५० तुकडे, आणि ते सगळे ओळीनं, वेळेवर पोचावे लागतात. सिनेमा चार सेकंद आधीच साठवून ठेवता येतो, बोलणं साठवता येत नाही. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, हरवलेले तुकडे एका टक्क्याच्या आत आणि मागेपुढे होणं ३० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर माणसं आरामात बोलतात.

हे मोजायचं दुपारी दोनला नाही. रात्री आठला मोज, गावात सगळ्यांनी सिनेमे लावलेले असतात तेव्हा. आणि एकदा मे महिन्यात मोज. आमच्याकडे हिवाळ्यात ठणठणीत चालणारी घरं कॉटनवूडला पालवी फुटली की अडखळायला लागतात, कारण ५ गिगाहर्ट्झची लहर ओल्या पानांतून नीट जात नाही. फोनच्या तुकड्यांवर प्राधान्याची खूण लावलेली असते. ती खूण छतावरच्या रेडिओपासून तुझ्या मुख्य जोडणीपर्यंत मध्ये कुठे पुसली तर जात नाही ना, हे तुझ्या ह्यांना तपासायला सांग. घरातल्या राउटरमधली 'सिप एएलजी' नावाची सोय बंद करायला सांग. 'मला त्यांचं ऐकू येतं, त्यांना माझं येत नाही' या तक्रारीमागे आमच्याकडे निम्म्या वेळा तेच निघालं. पहिले दोन महिने फोन फक्त आपल्या घरी, कामावरच्या पोरांकडे आणि चार ओळखीच्या घरांत लाव. तिथे नीट चालला की मग जाहिरात कर.

आता भागीदारी कसली हवी ते ठरव. यात तीन रीती आहेत. पहिलीत तू फक्त गिऱ्हाईक आणून देतेस आणि दलाली घेतेस. गिऱ्हाईक त्यांचं, बिल त्यांचं. दुसरीत यंत्रणा त्यांची, पण नाव आणि बिल तुझं. याला इथे व्हाइट लेबल म्हणतात. तिसरीत तू नंबर आणि मिनिटं घाऊक घेतेस, आणि फोनची सगळी यंत्रणा स्वतः चालवतेस. तिसरीत दर ओळीमागे पैसे जास्त सुटतात, म्हणून ती मोहात पाडते. पण रात्री दोनला सर्व्हर बसला तर उठायचं तुझ्या ह्यांना, आणि सकाळी टॉवरवर चढायचंही त्यांनाच. तुमच्याएवढ्या पसाऱ्याला मी दुसरीच सुचवेन. दोन-तीनशे लायनी झाल्या, एक माणूस फक्त फोनसाठी ठेवता आला, की तिसरीचा विचार कर.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. यंत्रणा त्यांची असली तरी गिऱ्हाइकाला फोन विकणारी तू. त्यामुळे कायद्याच्या नजरेत फोनवाली तूच. 'सगळं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका,' असं विक्रीचा माणूस गोड बोलून सांगेल. त्याला सांग, "जे जे तुम्ही बघता ते करारात कलमागणिक लिहून द्या."

आता ९११ चं, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरचं बोलते, कारण माझा जीव त्यातच अडकलेला असतो.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं ती रात्र तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. गावात फोन एकच, पोस्टात. दादा अंधारात सायकल मारत पोस्टमास्तरांच्या घरी गेला, त्यांना उठवलं, पोस्ट उघडलं, मग तालुक्याला फोन लागला. बाबा वाचले. पण त्या दीड तासात आईचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरले नाही. फोन म्हणजे मला तेच आठवतं. इथल्या शेतावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात मोबाइलला धड रेंज नसते. त्यांच्या भिंतीवरचा फोन आता तू देणार आहेस.

तांब्याच्या तारेचा फोन कुठल्या घरात आहे हे टेलिफोन कंपनीला ठाऊक असायचं. इंटरनेट फोनचं तसं नाही. जो पत्ता आपण नोंदवू तोच ९११ च्या माणसाच्या पडद्यावर उमटतो. म्हणून एफसीसीने, म्हणजे इथल्या केंद्राच्या दूरसंचार आयोगाने, २००५ मध्येच नियम केला: इंटरनेट फोन देणाऱ्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता नोंदवायचा, वीज किंवा इंटरनेट गेलं तर ९११ लागणार नाही हे स्पष्ट सांगायचं, आणि त्यांना ते समजल्याची पोच घेऊन जपून ठेवायची.

आमच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. ऐंशीच्या पुढच्या एक बाई, एकट्या, गावापासून चौदा मैलांवर शेतात राहणाऱ्या. फोन लावून महिना झाला होता. मी काही दुसऱ्या कामासाठी गेले, त्यांनी कॉफी केली, आणि बोलता बोलता मी सहज त्यांच्या फोनवरून ९३३ फिरवलं. बऱ्याच घाऊक कंपन्यांनी हा चाचणीचा नंबर ठेवलेला असतो. तो लावला की ९११ साठी नोंदवलेला पत्ता यंत्र वाचून दाखवतं. यंत्रानं गावातल्या मेन स्ट्रीटचा पत्ता वाचला. बाईंचं बिल त्यांच्या पुतण्याच्या पत्त्यावर जायचं, आमच्या पोरानं तोच पत्ता फोनच्या अर्जावर उतरवला होता, आणि भागीदाराच्या संगणकानं एक शब्द न विचारता तो घेतला होता. बाई समोर बसून माझ्या कपात आणखी कॉफी ओतत होत्या, आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या महिन्यात त्या पडल्या असत्या, तर रुग्णवाहिका चौदा मैल लांब जाऊन उभी राहिली असती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघांनी सगळ्या लायनींचे पत्ते एकेक करून तपासले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: फोन लावणारा मुलगा ९३३ ऐकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ऐकवतो.

म्हणून भागीदाराला हे विचार. चुकीचा पत्ता टाकला तर तुमची यंत्रणा तो परत पाठवते का? काउंटी रोडवरची नवी घरं तिच्यात सापडतात का? पत्ता जुळला नाही तर ९११ चा कॉल कुठे जातो? बहुतेक ठिकाणी तो दूरच्या एका केंद्रात जातो, तिथला माणूस तोंडी पत्ता विचारतो, आणि अशा प्रत्येक कॉलचा जबर आकार लावतात. ज्याला श्वास घेता येत नाही तो पत्ता कसा सांगणार? ९३३ सारखी चाचणी नाही असं कुणी म्हणालं तर तिथेच उठ.

तुमच्या हायवेवरच्या मोटेलांना फोन देणार असशील तर आणखी एक ऐक. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासच्या मार्शल गावातल्या एका मोटेलमध्ये कारी हंट या बाईवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनं खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ लावलं, पण बाहेरच्या कॉलसाठी आधी ९ दाबावं लागतं हे त्या लेकराला कुठून माहीत असणार! कॉल लागलाच नाही, आणि आई गेली. तिच्या वडिलांनी चिकाटीनं पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये कारीच्या नावाचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२० पासून बसवलेल्या अशा फोन यंत्रणेत नुसतं ९११ दाबलं तरी कॉल गेलाच पाहिजे, आणि तो गेल्याचं स्वागतकक्षाला कळलं पाहिजे. आपल्या देशी माणसांची कितीतरी मोटेलं आहेत. त्यांच्याकडे गेलीस की खोलीतून स्वतः फोन लावून बघ.

आता नंबरांचं सांगते. माणसाला फोनचा नंबर म्हणजे घराची पाटी असते, वीस-तीस वर्षांची. तो तसाच ठेवून आपल्याकडे आणायचा, याला पोर्टिंग म्हणतात. साधा पोर्ट कामाच्या एका दिवसात व्हावा असा नियम आहे. पण दुकानाचे नंबर, एकाहून जास्त लायनी, मध्ये दोन-तीन कंपन्या, असं झालं की तो साधा राहत नाही. जुन्या बिलावरचं नाव, पत्ता, खाते क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला नाही तर अर्ज परत येतो.

आमच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर आम्ही आणायला घेतला, तेव्हा जुन्या बिलावर दवाखान्याच्या आधीच्या मालकाचं नाव होतं. अर्ज दोनदा परत आला. इकडे डॉक्टरांना वाटलं काम झालं, म्हणून त्यांनी जुनी लाइन बंद करून टाकली. बंद पडलेला नंबर पोर्ट होत नाही. आणि तो फेब्रुवारी महिना होता, गाई विण्याचा हंगाम. रात्री-बेरात्री शेतकरी फोन करायचे आणि 'हा नंबर सेवेत नाही' ऐकायचे. आमच्या त्या वेळच्या भागीदाराच्या पोर्टिंगच्या खात्यात फोन घ्यायला माणूसच नव्हता. ई-मेल पाठवायचा, दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर यायचं. नंबर परत मिळायला नऊ दिवस लागले. डॉक्टर आम्हाला वाईट बोलले नाहीत, पण पुढचे सहा महिने गावात जो तो मला विचारायचा, "डॉक्टरांचा फोन लागतो का आता?"

त्यात आमचीही चूक होती. 'पोर्ट झाल्याचं आम्ही कळवेपर्यंत जुनी लाइन बंद करू नका,' हे वाक्य आम्ही त्यांना सांगायला हवं होतं. तू ते अर्जावर मोठ्या अक्षरात छाप. आणि भागीदाराला विचार की पोर्टिंगचं काम करणारा माणूस कोण, त्याचा थेट नंबर काय, अर्ज परत आला तर कारण किती तासांत कळतं. विक्रीच्या माणसाशी बोलून सोडून देऊ नकोस, त्या पोर्टिंगच्या माणसाशी सही करायच्या आधी एकदा बोल.

लागलीच दुसरी बाजू. एक दिवस तुला हा भागीदार सोडावा लागेल असं धरूनच करार वाच. गिऱ्हाइकाला आपला नंबर घेऊन जायचा हक्क आहे, बाकी थकली असली तरी कंपनीला पोर्ट अडवता येत नाही. पण तू घाऊक भागीदार बदलताना सगळे नंबर एकदम हलवायचे असतात, आणि तिथे करारातली बारीक अक्षरं बाहेर येतात. आमच्या करारात दर नंबरामागे वेगळी फी होती, आणि दिवसाला दहाच नंबर सोडायची अट. अडीचशेच्या वर नंबर होते, तू हिशेब कर. सही करताना शेवटची तीन पानं मी वाचली नव्हती. तू ती आधी वाच. सगळे नंबर एकत्र सोडतील, फी अमुकपेक्षा जास्त नसेल, आणि हलवाहलव पूर्ण होईपर्यंत सेवा चालू राहील, या तीन ओळी लिहून घे. तीन वर्षांचं बंधन घालतात, तू एका वर्षावर अडून राहा. दरमहा किमान इतक्या लायनींचे पैसे द्यावेच लागतील अशी अट असेल तर ती पहिल्या वर्षापुरती काढून घे.

पुढचं, कॉल कुठून जातो. आयोवात गावोगावी लहान टेलिफोन कंपन्या आणि सहकारी संस्था आहेत, आपल्याकडच्या दूध संघांसारख्या. त्यांच्या गावात कॉल पोचवायला खर्च जास्त येतो. म्हणून काही घाऊकवाले कॉल सगळ्यांत स्वस्त वाटेनं पाठवतात, हा त्याला देतो, तो तिसऱ्याला, आणि मध्येच कॉल हरवतो. करणाऱ्याला घंटी ऐकू येते, समोरच्याच्या घरी फोन वाजतच नाही. हा आजार इतका पसरला होता की एफसीसीने २०१३ मध्ये त्यासाठी नियम केले, २०१८ मध्ये संसदेनं कायदा केला, आणि त्याच वर्षी खोटी घंटी वाजवल्याच्या प्रकरणात टी-मोबाइलने चार कोटी डॉलर भरले. तुझ्या गिऱ्हाइकाचा कॉल पंधरा मैलांवरच्या बहिणीकडे लागला नाही तर तिला मधल्या तीन कंपन्या दिसणार नाहीत, तू दिसशील. म्हणून भागीदाराकडून चाचणीला चार लायनी महिनाभरासाठी मागून घे. तुझ्या आसपासच्या प्रत्येक लहान कंपनीच्या गावात ओळखीच्या माणसांना सकाळी, दुपारी, रात्री फोन कर आणि वहीत लिहीत जा: लागला की नाही, किती वेळानं, आवाज कसा.

कॉल लागला तरी लोक उचलतात का हाही प्रश्न आहे. फसव्या कॉलांचा सुळसुळाट झाल्यावर २०१९ च्या शेवटी कायदा झाला, आणि ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक कॉलवर खात्रीची सही करणं भाग पडलं. पुढे लहानांचीही पाळी आली. त्या सहीचे ए, बी, सी असे तीन दर्जे आहेत. गिऱ्हाईक ओळखीचं आणि नंबरही त्याचाच, हे माहीत असेल तर ए. नंबर एकाकडून आणि जाणारे कॉल दुसऱ्याकडून घेतलेस तर दर्जा खाली येऊ शकतो, आणि तुझ्या गिऱ्हाइकाचा कॉल समोरच्याला संशयास्पद म्हणून दिसू शकतो. भागीदाराला सरळ विचार, "माझ्या गिऱ्हाइकांच्या कॉलला ए मिळेल का, आणि सही कुणाच्या प्रमाणपत्रानं होईल?" एफसीसीच्या रोबोकॉल नोंदवहीत तुझ्या कंपनीची नोंद तुलाच करावी लागते. जिचं नाव त्या वहीत नाही तिचे कॉल बाकीच्यांनी घ्यायचेच नाहीत, असा सप्टेंबर २०२१ पासून नियम आहे.

पैशांचं थोडक्यात सांगते, पण नीट ऐक. २००६ पासून इंटरनेट फोनवाल्यांनाही केंद्राच्या सार्वत्रिक सेवा निधीत पैसे भरावे लागतात. वेगळा हिशेब ठेवला नाहीस तर उत्पन्नाचा ६४.९ टक्के भाग आंतरराज्य धरतात, आणि त्यावर टक्केवारी लागते. ती दर तिमाहीला बदलते. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत ती ३६.६ टक्के होती. म्हणजे २५ डॉलरच्या लायनीवर जवळजवळ ६ डॉलर. ते गिऱ्हाइकाच्या बिलावर वेगळे दाखवून घेता येतात, पण भाव ठरवताना तू ते विसरलीस तर नफा तिथेच संपला. वर्षाची रक्कम १०,००० डॉलरच्या आत बसली तर तुला थेट भरावी लागत नाही, पण मग घाऊक भागीदार ती तुझ्याकडूनच वसूल करतो. फॉर्म मात्र भरावाच लागतो. १ मार्चला गिऱ्हाइकांच्या माहितीच्या गुप्ततेचं प्रमाणपत्र, १ एप्रिलला उत्पन्नाचा फॉर्म ४९९-ए. शिवाय राज्याचे कर आणि ९११ ची फी आहेच. टेलिफोनचे कर जाणणारा हिशेबनीस पहिल्या दिवसापासून ठेव. आपला नेहमीचा हिशेबनीस कितीही भला असला तरी त्याचं हे काम नाही.

चोरीचंही सांगून ठेवते. चोर शुक्रवारी रात्री एखाद्या दुकानाच्या फोन यंत्रणेत शिरतात आणि सोमवार सकाळपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांना सतत कॉल लावत राहतात. बिल घाऊक भागीदार तुला पाठवतो. तेव्हा परदेशी कॉल सगळ्यांचे बंद ठेव, ज्याला हवेत त्याचेच चालू कर. रोजची कमाल रक्कम ठरवून घे, आणि ती ओलांडली की रात्रीच तुझ्या मोबाइलवर निरोप येईल असं करून घे.

आणि कुणीही कितीही मोठा असला तरी बसू शकतो, हे धरून चाल. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हीओआयपी डॉट एमएस आणि बँडविड्थ या दोन कंपन्यांवर काही दिवसांच्या अंतरानं मोठे सायबर हल्ले झाले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी लोकांचे फोन बंद पडले. भागीदाराला विचार, तुमचे सर्व्हर किती शहरांत आहेत, आणि तुम्ही स्वतः नंबर कुणाकडून घेता. मी दोन भागीदार ठेवून निश्चिंत झाले होते. मग कळलं की दोघंही वरती एकाच कंपनीकडून माल घेत होते. आमची लाइन बंद पडली तर येणारा कॉल आपोआप गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जाईल का, हेही विचार. शेतकऱ्याला ही सोय फार आवडते.

इतकं सगळं विचारून झालं, उत्तरं वहीत एकाखाली एक लिहून झाली, की सही करायच्या आधी एक काम कर. शनिवारी रात्री नऊ वाजता त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लाव. कोण उचलतं, किती वेळानं उचलतं, त्याला काम येतं का, ते बघ. आमच्या आताच्या भागीदाराकडे मी असाच फोन लावला होता. एका मुलीनं तिसऱ्या घंटीला उचलला, माझ्या चाचणीच्या लाइनीचा कॉल तिनं मी फोनवर असतानाच तपासला, आणि दोष त्यांचा नसून माझ्या राउटरचा आहे हे शांतपणे दाखवून दिलं. मी विचारलेल्या तिघांत त्यांचा भाव सगळ्यांत जास्त होता. आम्ही त्यांनाच घेतलं. सात वर्षं झाली, एकदाही पस्तावले नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. आधी ९११, मग नंबर आणि सोडण्याच्या अटी, मग कॉल कसे जातात ते, मग रात्री फोन उचलणारा माणूस. या चारांत जे दोघं-तिघं टिकतील, त्यांच्यात स्वस्त कोण ते बघ. आणि घाई करू नकोस. गिऱ्हाईक थोडं थांबेल, पण एकदा गेलेला विश्वास परत यायला वर्षं लागतात.

पहिल्या घरी फोन लावायला मात्र तू स्वतः जा. पोरांवर सोपवू नकोस. फोनची डबी जोडून झाली, आवाज आला, की त्या घरातल्या माणसाला शेजारी उभं कर, ९३३ फिरव, आणि यंत्र त्यांचा पत्ता वाचतंय तो दोघं मिळून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐका. मग मला फोन कर.